आधी भजन, मग मंडळ

दिग्रस तालुक्यातल्या एखाद्या गावी जाऊन जाणत्या माणसाला विचारावे, की तुमच्याकडे श्रीगुरुदेव सेवा मंडळाची शाखा कधी निघाली? साल सांगताना तो अडखळतो. पण पहिले भजन कोणाच्या ओसरीत झाले, खंजेरी कोणाच्या हातात होती, पेटी कोणत्या गावाहून मागून आणली होती आणि परत नेताना बैलगाडीत ती कोणी मांडीवर धरली होती, हे तो बिनचूक सांगतो. आपल्याकडच्या शाखांचा हाच क्रम आहे. भजन झाले, भजनाला माणसे जमली, जमलेली माणसे पुढच्या गुरुवारी पुन्हा बसली आणि मग कोणीतरी म्हणाले, आता आपण मंडळ काढू. ठराव, शिक्के, पावतीपुस्तके हे सगळे मागाहून आले. काही गावांत अजूनही आलेले नाही आणि त्यावाचून भजन अडलेले नाही.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास हवा असे मंडळींनी ठरवले, तेव्हा तो याच क्रमाने लिहावा असे मला वाटले. गावातल्या कोणाचेही नाव यात मुद्दाम घेतलेले नाही. ज्यांनी उभ्या आयुष्यात सतरंज्या अंथरल्या आणि रात्री दोन वाजता झटकून घडी घातल्या, त्यांना छापील नावाची हौस कधीच नव्हती. नाव घ्यायचे ते ज्यांच्यामुळे हे सारे उभे राहिले त्यांचे.

माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच तुकडोजी महाराज, यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली या गावी झाला. वडील शिंपीकाम करीत, घरी गरिबी. शाळा थोडक्यात आटोपली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनी या भजनवेड्या पोराला ‘तुकड्या’ म्हटले, आणि पुढे प्रत्येक भजनाच्या शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा येऊ लागली. १९२१ मध्ये आडकोजी महाराज गेले. त्यानंतर रामटेक, सालबर्डी, रामदिघी, चिमूरजवळचा गोंदोडा असा रानावनातला काळ आहे. साधना म्हणून लोक त्याच्याकडे पाहतात, आणि ते खरेच आहे. पण भजनाच्या अंगाने पाहिले तर त्या काळात या तरुणाने वऱ्हाडातली आणि झाडीपट्टीतली गावे पायी पाहिली, तिथली बोली ऐकली, तिथल्या चाली कानात साठवल्या. पुढे त्यांनी मराठीत आणि हिंदीत हजारो भजने रचली, त्यांतली बोली पुस्तकातून आलेली नाही हे पहिल्याच कडव्यात कळते.

या सगळ्यात त्यांनी वाद्य निवडले ते खंजेरी. या निवडीत पुढच्या संस्थेचा अर्धा इतिहास आहे, असे माझे मत आहे. दिंडीला वीणा लागते, मृदंग लागतो, टाळकऱ्यांची फळी लागते. कीर्तनाला कीर्तनकार लागतो, आणि तो घडायला वर्षे जातात. खंजेरी झोळीत मावते. ती वाजवीत चालता येते, उभे राहता येते, गाता येते. सालदाराच्या पोरालाही ती परवडते. एक माणूस आणि एक खंजेरी गावात आली, की त्या रात्री भजन झालेच. बाकीचे टाळ्यांनी साथ देतात. गाडगेबाबा याच मातीतले, याच काळातले. त्यांच्या कीर्तनाने माणसे हलून जात. पण त्या कीर्तनाला लिहिलेली संहिता नव्हती, बाबा उभे राहिले की ते सुरू होई. तुकडोजी महाराजांचे भजन मात्र वहीत उतरवून घेता येई, आणि दुसऱ्या दिवशी गावातला कोणीही ते म्हणू शके. म्हणूनच त्याभोवती मंडळ उभे राहू शकले.

खंजेरीबद्दल इथेच थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या पोरांना ती आता दुकानात तयार मिळते. लाकडी गोल कडे, एका बाजूला ताणून बसवलेले चामडे, कड्याच्या खाचांमध्ये पितळी चकत्या. कडे डाव्या हातात धरायचे, उजव्या हाताने वाजवायचे. तळवा मध्यावर पडला की आवाज घुमतो, बोटे काठावर पडली की टणत्कार निघतो, आणि डाव्या मनगटाला हिसका दिला की चकत्या झणझणतात. तिन्ही आवाज वेगवेगळे काढता आले की ठेका बसला म्हणायचे. पूर्वी घोरपडीच्या कातड्याच्या खंजेऱ्या असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले आणि ते बरेच झाले. पुढे बकरीचे चामडे आले. ते दमट हवेत उतरते. श्रावणात, भादव्यात भजनाला बसण्याआधी जुने गायक खंजेरी शेकोटीशी धरीत, अधूनमधून बोटाच्या टोकाने ठोकून कान लावून ऐकत, आणि नेमका सूर चढला की क्षणात बाजूला घेत. एवढेसे जास्त तापले तरी चामडे तडकते. आता प्लॅस्टिकचा पडदा असलेल्या खंजेऱ्या सर्रास वापरतात. त्यांना ऊन-पाऊस सारखाच. आवाज मोठा येतो, पण चामड्याची घुमारी त्यांत नाही. ज्याने दोन्ही हातात घेतल्या आहेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

१९३५ मध्ये सालबर्डीला मोठा यज्ञ झाला आणि त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, महाराज वर्ध्याजवळच्या शेगावी गांधीजींकडे जाऊन राहिले. त्या गावाला सेवाग्राम हे नाव अजून पडायचे होते, ते १९४० मध्ये पडले. महाराजांचे भजन ऐकून मौनात असलेल्या बापूंनी मौन सोडून तेच भजन पुन्हा म्हणायला सांगितले, ही आठवण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्या मुक्कामानंतर भजनांत सूत, सफाई, गाव, श्रम हे शब्द अधिक ठळकपणे आले. देवाच्या नावाने जमलेल्या माणसांशी देशाविषयी बोलता येते, हे त्या भजनांनी दाखवून दिले.

सरकारलाही ते दिसले. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर, आष्टी, यावली पेटली. ज्या गावांनी महाराजांची खंजेरी ऐकली होती, तीच ही गावे. त्याच महिन्याच्या अखेरीस चांद्याला महाराजांना अटक झाली. आधी नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले, आणि डिसेंबरात सोडले. भजन म्हणणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकावे लागते, यावरून त्या भजनाची ताकद कळते.

सुटकेनंतर महाराजांनी विखुरलेल्या भजनी मंडळींना एका धाग्यात ओवायला घेतले. अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाला पक्के रूप आले ते या काळात. गावाला ग्रामसेवाधिकारी, तालुक्याला तालुका सेवाधिकारी, जिल्ह्याला जिल्हा सेवाधिकारी, आणि गुरुकुंजात सर्वाधिकारी. ‘अध्यक्ष’ हा शब्द टाळून ‘सेवाधिकारी’ म्हटले, त्यामागे दृष्टी आहे: अधिकार सेवेपुरता. यांच्या जोडीला घरदार मागे ठेवून गावोगाव फिरणारे प्रचारक. ‘श्रीगुरुदेव’ मासिक निघाले, आणि गुरुकुंजाची बातमी व नवे भजन खेड्यात पोचू लागले. कोणाला पगार नाही. मंडळाचा माणूस भेटला की ‘जय गुरु’ म्हणायचे, दादा म्हणायचे आणि कामाला लागायचे. ही शिस्त आजही तशीच आहे.

सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना हा मंडळाचा कणा. प्रार्थनेच्या ठिकाणी अधिष्ठान असते, कोणा एका देवाची मूर्ती नसते. सर्वांनी रांगेत बसायचे, जो आधी येईल तो पुढे. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. पण ज्या काळात एका विहिरीवर दोन जातींना पाणी भरता येत नव्हते, त्या काळात पाटलाच्या मांडीला लागून महारवाड्यातला माणूस बसला आणि दोघांनी एकाच चालीत प्रार्थना म्हटली. गावागावांत यावरून वादही झाले. भजनाने जात गेली, असे मी लिहिणार नाही. ती गेलेली नाही. पण गावात जिथे सगळे एका सतरंजीवर बसू शकत होते अशी पहिली जागा अनेक ठिकाणी प्रार्थनेचीच होती, एवढे खात्रीने सांगता येते.

१९५५ मध्ये ग्रामगीता आली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, अंत्यसंस्कार असे गावातल्या रोजच्या जगण्याचे विषय त्यात आहेत, आणि ‘भजन-प्रभाव’ हा अध्यायही आहे. भजनी माणसाने तो पुन्हा पुन्हा वाचावा. भजन कोणासाठी आणि कशासाठी, याचा हिशेब महाराजांनी त्यात मांडला आहे. त्याच वर्षी ते जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले. १९५६ मध्ये भारत साधू समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटले आणि ते नाव कायमचे झाले.

आता आपल्या मुलखाकडे येतो.

धावंडा नदीच्या काठचे आपले दिग्रस. कापसाचा बाजार, भोवती काळी जमीन, जवळ अरुणावतीचे धरण. पुसद, दारव्हा, आर्णी, मानोरा या सगळ्या बाजूंनी माणसे आठवडी बाजाराला येतात आणि आपापले गाणे घेऊन येतात. हा भाग आवाजाने श्रीमंत आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसते. तांड्यातांड्यांवर बंजाऱ्यांचा नंगारा आहे. होळीला लेंगी ऐकावी तर इथे ऐकावी. गोल धरून पुरुष नाचतात, थाळी वाजते आणि आवाज टिपेला जातो. रामनवमीला पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आपल्या रस्त्यांवरून जाते. त्याच पोहरादेवीला २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले आणि त्याला आकारच नंगाऱ्याचा दिला आहे. श्रावणात डहाका घुमतो. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात. बुद्धविहारांपुढे भीमगीतांच्या रात्री होतात. घंटीबाबांच्या यात्रेत हे सगळे आवाज एकमेकांत मिसळतात.

खंजेरी भजन या सगळ्यांमध्ये येऊन बसले आणि त्याने कोणालाच हटवले नाही. उलट घेतले. तांड्यावरचा गायक भजनात आला की लेंगीतली उंच फेक त्याच्या गळ्यातून आपसूक येते. तो पहिल्या ओळीला चढवतो आणि कोरस धरणाऱ्यांची दमछाक होते. डहाक्यात मुरलेला माणूस ठेका सावकाश धरतो, घाई करीत नाही. भीमगीतांच्या मंचावर वाढलेली पोरे पेटी उत्तम वाजवतात. एकच भजन सिंगदच्या बाजूला ऐकावे आणि मानोऱ्याच्या बाजूला ऐकावे, शब्द तेच पण अंग वेगळे लागते. मला याचे फार मोल वाटते. एका साच्यातून काढलेले भजन असते तर ते केव्हाच शिळे झाले असते.

भजनाची रात्र कशी असते ते लिहून ठेवायला हवे, कारण ध्वनिफितीत ती येत नाही. सोयाबीनची सोंगणी उरकली, कापसाची पहिली वेचणी घरात आली की गावे तारखा धरायला लागतात. मारोतीच्या पारासमोर ताडपत्री ओढलेली असते. सूर्य मावळताना प्रार्थना होते, मग जेवणे. भजनाला नऊ-साडेनऊ होतात. शेजारच्या गावांतली मंडळे काळीपिवळीतून, छोट्या मालगाडीतून उतरतात. पेटी आधी उतरते, माणसे नंतर. दिवसभर तूर फवारून आलेल्यांनी हातपाय धुतलेले असतात, पण हाताचा वास जात नाही. डोक्यावर भगवी टोपी चढते आणि मगाशी चहा पिताना खतांच्या भावावर बोलणारा माणूस उभा राहतो, खंजेरी कानाजवळ नेतो, एकदा ठोकून पाहतो.

पहिले भजन संथ. धृपद दोनदा तो एकटा म्हणतो, तिसऱ्यांदा कोरस उचलतो. ढोलकीवाला अजून हात राखून असतो. दुसऱ्या कडव्यानंतर दुगण लागते, चकत्यांचा झणका वाढतो, आणि मांडवाच्या कडेला गाडीवर टेकून उभे असलेले लोक आत येऊन बसतात. मग एका ठिकाणी गायक हात वर करून थांबवतो. ठेका बंद. तो गावाशी बोलायला लागतो. गेल्या महिन्यात लग्नासाठी कोणी वावर गहाण टाकले, दारूच्या दुकानासमोरून शाळेत जाणाऱ्या पोरींना काय ऐकावे लागते, कर्जाच्या नोटिशीने माणूस रात्री झोपत नसेल तर शेजाऱ्याने काय करावे. नाव घेत नाही, पण गावाला कळते. समोरचा एखादा म्हातारा मान खाली घालतो. आणि ती शांतता फार लांबू न देता खंजेरी पुन्हा पडते, तेच धृपद येते, आणि आता त्याचा अर्थ बदललेला असतो. यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची जी वर्षे पाहिली, त्या वर्षांत या थांबण्याला आणि बोलण्याला काय किंमत होती, हे त्या मांडवांत बसलेल्यांना माहीत आहे. भारनियमनात लाइट गेली तर ध्वनिक्षेपक बंद पडतो आणि भजन चालू राहते. उलट तेव्हा ते जास्त चांगले लागते. शेवटी राष्ट्रवंदना, जयघोष, आणि मग सतरंज्या.

याचे पैसे कोणी घेत नाही. आमंत्रण देणारे गाव जेवण देते, जमले तर गाडीभाडे देते. कोणी नारळ-टोपी हातात ठेवते. पेटीचा भाता फाटला, ढोलकीची पुडी गेली, तर वर्गणी होते. कोणी तुरीचे पायली-दोन पायली देतो, कोणी रोजीचा एक दिवस देतो. महाप्रसादाचा शिधा घरोघर फिरून झोळीत जमा होतो. या व्यवस्थेत गैरसोयी पुष्कळ आहेत. ढोलकीवाला कामासाठी पुण्याला गेला की दोन वर्षे मंडळाला ढोलकी नसते. ऐन कार्यक्रमाला मुख्य गायकाच्या घरी मळणीयंत्र येते. तरीही हे असेच राहावे असे मला मनापासून वाटते. मानधन ठरले की आधी चांगल्या गायकाला बोलावणे जाईल, मग फक्त त्यालाच जाईल, आणि मागे बसून बेसूर का होईना पण वीस वर्षे कोरस धरणारा घरी बसेल. या भजनात गाणारे आणि ऐकणारे अशा दोन बाजू नाहीत. ती दुफळी पडू नये म्हणून पैशाला मांडवाबाहेर ठेवले आहे.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात महाराजांचे देहावसान झाले. कर्करोगाने शरीर खचले होते. वेळ दुपारची चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे. तेव्हापासून दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास पुण्यतिथी महोत्सव होतो आणि नेमक्या त्या वेळेला लाखोंचा समुदाय मोझरीला मौन उभा राहतो. दिग्रसहून जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. कोणी पालखीबरोबर पायी निघतात, कोणी रात्रीच्या गाडीने. ज्यांनी ते मौन अनुभवले आहे त्यांना त्याविषयी सांगायला नको, आणि ज्यांनी अनुभवले नाही त्यांनी एकदा जाऊन यावे.

एवढा मोठा आवाज थांबल्यावर त्याच्या भोवतीची संस्था विझायला हवी होती. तसे पुष्कळदा होते. इथे ते झाले नाही, याचे कारण भजन तोवर गावाच्या दिनदर्शिकेत जाऊन बसले होते. ३० एप्रिलला ग्रामजयंती. गुरुवारची प्रार्थना. गुरुकुंजाचा महोत्सव झाला की गावोगावच्या पुण्यतिथ्या सुरू होतात आणि माघापर्यंत चालतात. पहाटे ध्यान, ग्रामसफाई, मग खराटे ठेवून रामधून. बायांनी दारापुढे सडा-रांगोळी घातलेली असते. रस्ता आधी झाडलेला असतो म्हणूनच ती शोभते. संध्याकाळी प्रार्थना, रात्री भजन-कीर्तन, शेवटच्या दिवशी गोपाळकाला. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला महाराजांचे नाव दिले गेले. आनंदाची गोष्ट. पण संस्था टिकली ती या गावच्या वेळापत्रकामुळे.

खंजेरीला नवे दिवस आणले ते अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी. सात खंजेऱ्या समोर मांडून वाजवणारा हा प्रबोधनकार दिग्रसच्या पंचक्रोशीत कोणाला माहीत नाही? अंधश्रद्धा, दारू, हुंडा यांवर ते बोलतात तेव्हा हसता हसता माणसे गप्प होतात. त्यांची नक्कल करणारी पोरे पुष्कळ निघाली. त्यांतली काही पुढे स्वतःच्या पद्धतीने वाजवायला लागली, हे जास्त मोलाचे.

महिला मंडळांविषयी मात्र थांबून लिहायला हवे. मागच्या पिढीत बाया प्रार्थनेला यायच्या, कोरसात सूर मिसळायच्या. हातात खंजेरी क्वचित असायची. आज तालुक्यातल्या कितीतरी गावांत महिलांची स्वतंत्र भजनी मंडळे आहेत, आणि काही गावांत पुरुषांचे मंडळ बंद पडून महिलांचे चालू आहे. सकाळी भाकरी थापून, दिवसभर कापूस वेचून, संध्याकाळी पोरांचे आवरून या माय-माउल्या रात्री आठला सरावाला बसतात. कापसाच्या बोंडांनी बोटांची टोके फाटलेली असतात, आणि खंजेरी वाजते ती नेमकी त्याच टोकांवर. एकीने मला बोटाला गुंडाळलेली चिकटपट्टी दाखवली होती. वाजवताना ती निघून जाते म्हणून वरून दोरा बांधलेला. दारूबंदीचा ठराव असो की शाळेच्या खोलीचा प्रश्न, ग्रामसभेत आता पहिला आवाज बहुधा यांच्यातूनच येतो. भजनात उभे राहून बोलण्याची सवय झालेल्या बाईला ग्रामसभा अवघड जात नाही.

अलीकडे खंजेरी भजन स्पर्धा वाढल्या आहेत. पुरुष गट, महिला गट, बाल गट. एक मराठी भजन, एक हिंदी. घड्याळ लावलेले परीक्षक. स्पर्धेमुळे पोरे आली हे नाकारता येणार नाही. एकसारखे सदरे आले, सराव आला, ताल पक्का झाला. बाल गटातली दहा वर्षांची पोर खंजेरी बोटावर फिरवून पुन्हा समेवर आणते तेव्हा छाती भरून येते. पण काही मंडळे आता स्पर्धेपुरतीच उरली आहेत. त्यांना दोन भजने उत्तम येतात आणि तिसरे येत नाही. दहा मिनिटांच्या भजनात मधेच थांबून गावाशी बोलायला जागा नाही, कारण समोर गाव नसते, परीक्षक असतात. स्पर्धा जरूर व्हाव्यात. पण बक्षीस घेतलेल्या मंडळाने त्या वर्षी निदान आपल्या शेजारच्या चार गावांत पूर्ण रात्रीचे भजन करावे, असा दंडक तालुक्याने घालून घ्यावा, ही माझी सूचना आहे.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत निकडीचा वाटतो. महाराजांच्या भजनसंग्रहांत भजनाच्या वर कंसात ‘तर्ज’ दिलेली असते, म्हणजे अमक्या गाण्याच्या चालीवर म्हणावे. ती गाणी त्या काळी लोकांच्या ओठांवर होती. आज त्यांतली कितीतरी कोणालाच आठवत नाहीत. शब्द छापलेले आहेत, ते हरवणार नाहीत. चाल मात्र छापलेली नाही. ती ज्यांच्या गळ्यात आहे ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. चाल न सापडलेल्या भजनाला पोरे एखाद्या चालू सिनेमागीताची चाल लावतात. भजन म्हटले जाते, पण ठेका आणि शब्द यांचे जमत नाही, ओढाताण ऐकू येते.

जुन्या गायकांच्या वह्या पाहिल्या की हे काम किती नाजूक आहे ते कळते. पाठपोट रेघांची वही, कोपरे तेलकट, पानापानावर कुंकवाचे डाग. शब्दांवर उभ्या-आडव्या रेघा: इथे थांबा, इथे ओढा, इथे कोरस. एखाद्या ओळीशेजारी ‘वरखेडवाल्यासारखे’ एवढेच लिहिलेले. तो वरखेडवाला कोण, त्याने ती ओळ कशी म्हटली, हे त्या वहीच्या मालकालाच ठाऊक. तो गेला की ती खूण मुकी होते. घरच्यांना वही रद्दीत द्यावीशी वाटत नाही आणि ठेवून काय करावे हेही कळत नाही.

म्हणून स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येक शाखेला विनंती आहे. आपल्या गावातल्या जुन्या गायकाला या हंगामात एक संध्याकाळ द्या. मोबाइल समोर ठेवा, वही उघडा आणि त्यांना येत असलेली सगळी भजने एकामागून एक म्हणायला लावा. आवाज फाटला असेल, दम पुरत नसेल, तरी चालेल. चाल कळली म्हणजे झाले. प्रत्येक भजनाआधी भजनाचे नाव, गायकाचे गाव आणि चाल कोणाकडून शिकली तेवढे बोलून घ्या. जुन्या कॅसेटी पेटीत पडल्या असतील तर फेकू नका. वह्या असतील तर पानांचे फोटो काढून मूळ वही घरच्यांना परत करा. आणि ऐकलेली चाल त्याच आठवड्यात प्रार्थनेनंतर पोरांकडून म्हणवून घ्या, कारण नुसती साठवलेली चाल कोणी ऐकत नाही. गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनेला या. येताना घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला सोबत आणा. खंजेरी मंडळाकडे आहे.